हद्द कायम

चतुःसीमा लिहायची सवय जात नाही:
पूर्वेस मॉरीनबाईंची भिंत, भिंतीपलीकडे टीव्ही,
पश्चिमेस बंद पडलेली लाँड्री,
दक्षिणेस बोळ आणि कचऱ्याचे तीन डबे,
उत्तरेस हल शहराचं सपाट, ओलं आभाळ.
क्षेत्र: दोन खोल्या, एक जिना.
भोगवटादार: एस्तेर.
इतर हक्कात: मी.

शिरोळच्या भूमी अभिलेख कचेरीत सतरा वर्षं
लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या.
वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढायचे,
मधे मी, नकाशा, आणि पंच म्हणून धरून आणलेला न्हावी.
अशाच एका मोजणीत कुत्रं चावलं.
मिरजेच्या दवाखान्यात ती म्हणाली, पाच इंजेक्शनं.
सहाव्यांदा गेलो तेव्हा
मान वर न करता म्हणाली,
आता काय चावलं?

लग्न नोंदणीनं. तीस दिवसांची नोटीस.
ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी घेतली.
आईनं घेतली नाही,
तिनं फक्त माझं ताट दुसऱ्या फळीवर ठेवलं.

मग एस्तेरला इथल्या इस्पितळाचं पत्र आलं
आणि कचेरीत सगळे म्हणाले, घरजावई झाला.
अरे, घरजावयाला निदान सासऱ्याचं घर असतं,
मला आधी अनामत भरायची होती.
व्हिसावर माझ्या नावापुढे: अवलंबित.
विमानात तो शब्द बराच वेळ चघळला.
घेवड्याचा वेल काठीवर चढतो,
त्याला कुणी नावं ठेवत नाही.

इथं बसचा ड्रायव्हर मला लव्ह म्हणतो.
पोस्टातली बाई म्हणते लव्ह.
मासे तळणारा टकला गडी
सुटे परत देताना, हे घे, लव्ह.
आमच्याकडे हे म्हणायची रीत नाही,
आम्ही जेवलीस का म्हणतो.
ज्याच्यासाठी गाव सोडलं
ते इथं वीस पेन्सांबरोबर हातावर पडतं.

काम मिळालं कॅराव्हॅनच्या कारखान्यात.
चाकांवरची घरं. ना गट नंबर, ना पोटहिस्सा,
ओढून न्याल तिथं उंबरा.
पहिले काही दिवस मला त्यांची भीतीच वाटली.
आता खिडक्यांच्या चौकटी बसवतो
आणि एकही चौकट तिरकी जात नाही.
डॅरेन फोरमन लांबूनच अंगठा दाखवतो.

तिची रात्रपाळी, माझी सकाळ.
मी उठतो, ती येते,
माझ्या उबेत शिरून झोपते.
तिच्या बाजूची उशी
रविवारपर्यंत नवीच राहते.

फेब्रुवारीच्या वादळात परसातलं कुंपण आडवं झालं.
मॉरीनबाई चपलांतच बाहेर आल्या:
तुझी बायको म्हणत होती, तू जमीन मोजायचास.
सांग बघू, नेमकं कुठं होतं?

पाच वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं.
माळ्यावरून फीत काढली. जुना खुणेचा दगड
गवतात सापडला, बुटानं माती खरवडली,
आणि नुकतीच कामावरून आलेल्या एस्तेरला
गणवेशातच दुसऱ्या टोकाला उभं केलं.
ओढून धर, म्हटलं. ढिली सोडलीस तर माप जास्त भरतं.
तिनं ओढली. डोळे मिटत होते, पण ओढली.

नऊ इंच.
चाळीस वर्षं मॉरीनबाईंचे गुलाब
आमच्या बाजूला नऊ इंच आत होते.
अतिक्रमण हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय
की पेन आपोआप त्याच्याकडे वळतं.
म्हटलं, होतं तिथंच होतं, बरोबर आहे.
गेले ते घरमालकाचे गेले.

फितीवरचा आकडा एस्तेरच्या अंगठ्याखालीच होता.
तिनं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.
म्हणाली, जेवलास का,
आणि तिचं टोक सोडून दिलं.
ओल्या गवतातून सळसळत
फीत माझ्याकडे आली.